जुनी सीएनसी मिल माप सोडतेय? ड्राइव्ह बदलण्याआधी डायल लावा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. भांडुपला तळमजल्याच्या खोलीत तुम्ही कॉलेजच्या लिलावातून उचललेली जुनी ट्रेनर सीएनसी मिल (कॉम्प्युटरवर चालणारं कापायचं मशीन) बसवलीय, २०० स्टेपच्या स्टेपर मोटर (एका फेऱ्यात २०० टप्पे घेणाऱ्या), ५ एमएम पिचचा बॉल स्क्रू (एका फेऱ्याला टेबल ५ एमएम सरकवणारा), मोटर थेट कपलिंगवर (मोटर आणि स्क्रू जोडणारा तुकडा), आणि विंडोज एक्सपीच्या पीसीवर मॅक३ (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर), पॅरलल पोर्टने. पावसाळाभर मशीन बंद होतं. आता चालू केल्यावर २० एमएमचं पॉकेट (कापलेला खड्डा) एक्समधे (टेबलच्या आडव्या दिशेत) १९.८ येतं, एका प्लेटवर चार पॉकेट मारली तर चौथं सरकलेलं असतं, झेड (वर-खाली होणारा ॲक्सिस) हळूहळू खोल जातो, स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) चालू झाला की मधेच लिमिटचा अलार्म (टेबल टोकाला गेल्याचा इशारा) येतो आणि कधीकधी घरातला आरसीसीबीच (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) पडतो. ओळखीच्या गाळेवाल्याने सांगितलं की हे सगळं जुनं झालंय, कंट्रोल आणि ड्राइव्ह (मोटरला करंट देणारे बोर्ड) बदलून टाक. आणि तुम्ही मधल्या काळात मॅक३मधे एक्सचे स्टेप्स पर युनिट (एका एमएमला किती स्टेप) ३२० चे ३२३.२ केलेत.

तर पहिलं काम, ते ३२३.२ परत ३२० करा, आत्ताच. तो आकडा ट्यून करायचा नसतोच, तो हिशोबाने येतो. मोटर एका फेऱ्याला २०० स्टेप, ड्राइव्हवर १/८ मायक्रोस्टेप (एका स्टेपचे आठ भाग) म्हणजे १६००, भागिले ५ एमएम, ३२०, विषय संपला. तुम्ही १९.८ चं २० करायला तो एक टक्का वाढवलात आणि २० चं पॉकेट बरोबर आलंसुद्धा असेल, पण आता १०० एमएम अंतर मारून बघा, १०१ येईल. म्हणजे एक चूक लपवायला दुसरी चूक घातलीत आणि आता कुठलंही माप घेतलं तरी दोन्ही मिसळून दिसणार. स्क्रूच्या पिचमधे खरोखर एक टक्का फरक असणं जवळजवळ अशक्य आहे, सगळ्यात स्वस्तातला रोल्ड स्क्रूसुद्धा एवढा वाईट नसतो.

दुसरं, ही एक तक्रार नाहीये, तीन-चार वेगवेगळ्या आहेत आणि त्या योगायोगाने एकाच वेळी आल्यात (योगायोग म्हणजे काय, पावसाळा). गाळेवाले जे सांगतात ते त्यांच्या बाजूने बरोबर असतं, त्यांना मशीन दोन दिवसात चालू करून हवं असतं, शोधत बसायला वेळ नसतो. पण नवीन ड्राइव्ह लावून ढिलं कपलिंग घट्ट होत नाही. मी अशी मशीन बघायला गेलो की आधी एकच गोष्ट विचारतो, चूक साठतेय की तेवढीच राहतेय? दहा वेळा पुढे-मागे गेल्यावर टेबल शून्यावर परत येतं का? येत असेल आणि तरी माप कमी येत असेल तर प्ले (दिशा बदलताना फुकट जाणारी ढील) आहे, मेकॅनिकल आहे, इलेक्ट्रॉनिक्सला हात लावायचं कारण नाही. परत येत नसेल, दर वेळी थोडं थोडं सरकत असेल, तर स्टेप जातायत किंवा काहीतरी घसरतंय. तुमचं १९.८ चं पॉकेट हा पहिला प्रकार वाटतो आणि चौथं पॉकेट सरकणं हा दुसरा. दोन्हीला औषध वेगळं.

पण त्याच्याही आधी करंट. आरसीसीबी पडतोय ते हलक्यात घेऊ नका आणि कोणी वायरमन म्हणाला की बायपास करून देतो तर त्याला चहा पाजून परत पाठवा. घरचा आरसीसीबी ३० मिलीअँपचा असतो आणि स्पिंडलच्या व्हीएफडीला (स्पिंडलचा वेग बदलणारा बोर्ड) स्वतःचा थोडा लीकेज असतोच, त्यात पीसीचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), ड्राइव्हचा एसएमपीएस, सगळ्यांचे फिल्टर थोडं थोडं अर्थला सोडतात. ते मुळात काठावर असेल तर स्पिंडल चालू होताना पडू शकतो. पण तुमच्याकडे आधी पडत नव्हता आणि पावसाळ्यानंतर पडायला लागला, म्हणजे मला आधी स्पिंडल मोटरच्या वाइंडिंगमधे ओल गेल्याचा संशय आहे. मोटरच्या तिन्ही वायर व्हीएफडीपासून काढा, हे महत्त्वाचं, व्हीएफडी जोडलेला ठेवून मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) मारलात तर व्हीएफडी गेला, आणि मग ५०० व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग ते बॉडी बघा. मेगर मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे असतोच, भांडुप-मुलुंडच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधे कोणीही पाच मिनिटांत बघून देईल. १ मेगओहमच्या खाली असेल तर चालवू नका, १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब मोटरशेजारी लावून वर हलकं झाकण करून एक-दोन दिवस सुकू द्या (कापड बल्बला टेकणार नाही एवढं बघा) आणि परत मोजा. चांगल्या सुक्या मोटरला आकडा याच्या कितीतरी वर जातो. आणि व्हीएफडीचं झाकण उघडायचं असेल तर प्लग काढल्यावर लगेच बोट घालू नका, आतल्या कपॅसिटरवर २३० चे साधारण ३२५ व्होल्ट डीसी बसलेले असतात, दहा मिनिटं थांबा आणि मल्टिमीटरने मोजून खात्री करा.

अर्थिंग पण त्याच बसणीत बघून घ्या. फेज ते अर्थ २३०च्या आसपास यायला हवं आणि न्यूट्रल ते अर्थ फार तर दोन-तीन व्होल्ट. जुन्या चाळींत आणि बैठ्या खोल्यांत तिसरी पिन असते पण तिच्या मागे काहीच नसतं, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता आधी तेच तपासतो. मशीनच्या बॉडीला टेस्टर लावल्यावर मंद उजेड दिसला तर अर्थ नाही असं समजा. आणि न्यूट्रलचीच वायर अर्थच्या पिनला जोडून देण्याचा जो जुगाड चालतो तो करू नका, न्यूट्रल कुठे तुटला तर सगळ्या मशीनच्या अंगावर फेज येते. हे सगळं नीट नसेल तर पुढे लिमिटच्या अलार्मचा शोध घेण्यात अर्थ नाही, कारण शिल्ड आणि फिल्टर सगळे शेवटी त्या अर्थच्याच भरवशावर असतात.

आता डायल. ०.०१ चा साधा डायल इंडिकेटर (बारीक सरकणं काट्याने दाखवणारं मीटर) आणि मॅग्नेटिक स्टँड, नागदेवी स्ट्रीटला मिळून जाईल, महागातला घ्यायची गरज नाही. स्टँड मशीनच्या बेसवर किंवा कॉलमवर, टीप टेबलच्या कडेला. टेबल डायलकडे एक-दोन एमएम जॉग करा (म्हणजे कीबोर्डने थोडं सरकवा), डायल शून्य करा, आणि मग उलट दिशेला ०.०१ च्या स्टेपने जॉग करत जा. मॅक३च्या स्क्रीनवर आकडा बदलतोय पण डायलचा काटा हलत नाही, तेवढा तुमचा प्ले. हे टेबलच्या मधे आणि दोन्ही टोकांना करा. मधेच जास्त आणि टोकांना कमी असेल तर स्क्रू मधे झिजलाय, कॉलेजच्या मशीनवर पोरांनी वर्षानुवर्षं त्याच जागी तोच डेमो जॉब मारलेला असतो. सगळीकडे सारखाच असेल तर झीज नाही, काहीतरी ढिलं आहे.

माझा अंदाज सांगतो, सगळीकडे सारखा येईल. कारण ०.२ प्ले हा बॉल स्क्रूसाठी फार मोठा आहे, बॉल स्क्रू झिजला तरी ०.०३, ०.०५, असं हळूहळू वाढतं, चार महिने बंद राहून एकदम ०.२ होत नाही. (साधा ट्रॅपेझॉइडल स्क्रू आणि पितळी नट असता तर ०.२ बघून मी भुवईसुद्धा उचलली नसती.) आणि ५ एमएम पिचवर ०.२ म्हणजे किती फिरणं झालं बघा, ०.२ भागिले ५ गुणिले ३६०, १४.४ अंश. ते कपलिंगमधे असेल तर उघड्या डोळ्यांना दिसेल! परमनंट मार्करने मोटरच्या शाफ्टवरून कपलिंगवर आणि कपलिंगवरून स्क्रूवर एक सरळ रेघ मारा. स्पिंडलचा एमसीबी खाली पाडा, मोटरला फक्त होल्डिंग करंट राहू द्या, कीबोर्डजवळ कोणी नको, आणि मग स्क्रू हाताने पुढे-मागे हलवून बघा. रेघ तुटली तर कपलिंगचा ग्रब स्क्रू (शाफ्टला दाबून धरणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू) ढिला. रेघ सरळ आहे, स्क्रू फिरतच नाही, पण टेबल हाताने ढकलल्यावर हलतं, तर गोष्ट बेअरिंगमधे, नाहीतर नट ज्या ब्रॅकेटला बसवलाय त्याच्या बोल्टमधे.

त्या दोघांत फरक करायला एक जुनी युक्ती आहे. स्क्रूच्या मोकळ्या टोकाला मधोमध टर्निंगचं सेंटर होल असतं, त्यात ग्रीस लावून एक छोटी स्टीलची गोळी चिकटवा, सायकलच्या बेअरिंगची चालते, आणि डायलची टीप त्या गोळीवर टेकवा. गोळीमुळे स्क्रू फिरला तरी काटा नाचत नाही, फक्त स्क्रू लांबीच्या दिशेने मागे-पुढे झाला तरच हलतो. आता एक्स दोन्हीकडे जॉग करा. काटा ०.२ हलला तर टोकाच्या बेअरिंगचा लॉकनट सुटलाय किंवा बेअरिंग संपलीय. काटा स्थिर आणि टेबलला मात्र प्ले, तर नटाकडे जा. अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची (लांबीच्या दिशेचा जोर धरणारी) जोडी असेल तर काढताना कुठली कुठल्या तोंडाने होती त्याचा फोटो काढा, उलटी बसवलीत तर प्रीलोडच (प्ले मारणारा आधीचा दाब) येणार नाही. काही ट्रेनर मशीनमधे साधी डीप ग्रूव्ह बेअरिंग टाकलेली असते, ती काढून आत अँग्युलर बसत असेल तर बसवा, हा खर्च खरोखर वसूल होतो. बेअरिंग ओळखीच्या डीलरकडून घ्या, बाजारात नकली खोकी भरपूर फिरतात आणि खोक्यावरून काही कळत नाही.

ग्रब स्क्रू ढिला निघाला तर नुसता आवळून सोडू नका. स्क्रू काढा, शाफ्टवर चपटी जागा आहे का बघा, नसेल तर फाइलने छोटी चपटी करा (कीस बेअरिंगमधे जाणार नाही असं कापड लावून), थ्रेड साफ करून निळा लॉकटाइट लावा. जमत असेल तर क्लॅम्प टाइपचं कपलिंग घ्या, त्यात ग्रब स्क्रू नसतोच, सगळी पकड गोल बसते.

गिब पट्टी (स्लाइडमधली ढील घालवणारी पट्टी) शेवटी. लोक आधी गिब आवळतात आणि मग म्हणतात मोटर ओढत नाही. पावसाळ्यानंतर तुमच्या स्लाइडवर जुनं तेल, ॲल्युमिनियमचा भुगा आणि गंज मिळून चिकट थर झालेला असणार. करंट बंद करून स्क्रू हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मधे हलका आणि टोकाला जड लागला तर गिब मधल्या झिजलेल्या भागाला धरून आवळलेली आहे, थोडी सोडा, टोकाला मोकळं चालायला हवं. स्लाइड रॉकेलने किंवा मिनरल टर्पेंटाइनने पुसा, खिडक्या उघड्या ठेवून, आणि मग ६८ नंबरचं स्लाइडवे ऑइल. डब्ल्यूडी-४० ने ओल निघते, गंज सुटायला मदत होते, पण ते वंगण म्हणून धरू नका, आठवड्याभरात कोरडं. आणि शिवणयंत्राचं तेल पण नको, फार पातळ.

आता साठणारी चूक, चौथं पॉकेट. इथे तीन वेळा तोच प्रोग्राम चालवायचा. एकदा हवेत, स्पिंडल बंद. मग हवेत, स्पिंडल चालू. मग मटेरियलमधे. दर वेळी सुरुवातीला एका ठराविक जागी डायल शून्य करायचा आणि शेवटी त्याच जागी त्याच दिशेने, हळू फीडने येऊन वाचायचा. त्याच दिशेने हे विसरू नका, नाहीतर प्ले पण यात मिसळेल. हवेत स्पिंडल बंद असतानाच सरकत असेल तर मोटर, ड्राइव्ह, पीसी किंवा जाम स्लाइड. स्पिंडल चालू केल्यावरच सरकत असेल तर नॉइज. दोन्ही वेळेला शून्य आणि कापतानाच सरकतं, तर लोड, म्हणजे कट जास्त खोल, कटर बोथट, किंवा तेच कपलिंग घसरतंय.

आणि किती सरकलं तो आकडा नीट लिहून ठेवा, कारण तो आकडाच बोलतो. स्टेपर मोटर लोडखाली सुटते तेव्हा ती कुठेही थांबत नाही, रोटरचा एक दात सोडून पुढच्या दातात जाऊन बसते, म्हणजे चार फुल स्टेप, ७.२ अंश. तुमच्या ५ एमएम स्क्रूवर ते बरोबर ०.१ एमएम होतं. म्हणजे चूक ०.१, ०.२, ०.३, ०.५ अशी ठोक येत असेल तर मोटर स्टॉल होतेय. ०.१३, ०.०७ अशी काहीही येत असेल तर काहीतरी घसरतंय, कपलिंगच बघा. आणि प्रत्येक वेळी दिशा बदलताना अगदी बारीक, ०.००३ च्या आसपास, एका बाजूला साठत असेल, तर ते मॅक३चं सेटिंग आहे, स्टेप पल्सची पोलॅरिटी उलटी आहे, म्हणजे ड्राइव्ह पल्सच्या ज्या कडेला स्टेप घेतो नेमकं त्याच क्षणी दिशेचा सिग्नल बदलतोय आणि एखादी स्टेप चुकीच्या बाजूला जाते. पोर्ट्स अँड पिन्समधे मोटर आउटपुटच्या पानावर स्टेप लो ॲक्टिव्ह असं खूण करायचं घर असतं, ते उलटं करून तीच टेस्ट परत मारा. तुमचा एक मायक्रोस्टेप १ भागिले ३२० म्हणजे ०.००३ आहे, साधं जॉग करून ते कधीच दिसणार नाही, पण पेक ड्रिलिंगच्या प्रोग्राममधे झेड शेकडो वेळा वर-खाली होतो तिथे सहज दिसेल एवढं होतं.

स्टॉल निघाला तर आधी मोटर ट्यूनिंगमधे ॲक्सिलरेशन निम्मं करा. त्याने थांबलं तर टॉर्क काठावर आहे, मग कारण शोधा, स्लाइड जड झालीय, ड्राइव्हचा करंट कमी ठेवलाय, की सप्लाय बसलाय. जुन्या मशीनमधे ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि एक जाडा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असा सप्लाय असतो आणि तो कपॅसिटर वयानुसार मरतो. तिन्ही ॲक्सिस एकदम हलत असताना मल्टिमीटर एसीवर ठेवून डीसी लाइनवर लावा, दोन-चार व्होल्ट रिपल (व्होल्टेजचा हेलकावा) दिसला तर कपॅसिटर बदला, त्याच व्होल्टेजचा किंवा जास्त व्होल्टेजचा. पॅनेलमधला पंखा फिरतोय का तेही बघा, ड्राइव्ह तापून मधेच झोपतात आणि थंड झाल्यावर साळसूदासारखे चालू होतात. मोटर हात ठेवता येणार नाही एवढी गरम लागली तर लगेच घाबरू नका, स्टेपरला ७०-८० डिग्री चालतं.

ड्राइव्हवर संशय असेल तर विकत घेण्याआधी फुकटची टेस्ट आहे. मेन बंद, थांबा, आणि एक्स आणि वायच्या मोटरच्या वायरी एकमेकांच्या ड्राइव्हला लावा. आता चूक वायमधे आली तर ड्राइव्ह (किंवा त्याच्या मागचा सिग्नल) खराब, एक्समधेच राहिली तर मोटर किंवा मेकॅनिकल. चालू करंटमधे मोटरची वायर कधीही काढू नका, तेवढ्यात ड्राइव्ह जातो.

झेड खोल जातो त्याबद्दल थोडं सविस्तर, कारण यात लोक नेहमी चुकीच्या जागी खणतात. झेड फक्त खोलच जातोय, वर कधी सरकत नाही, आणि तेही कापतानाच, असं असेल तर बहुतेक झेड ॲक्सिस निर्दोष आहे आणि कटर कलेटमधून (स्पिंडलमधली कटर धरणारी पकड) खाली ओढला जातोय. नेहमीच्या एंडमिलचा (म्हणजे कटरचा) पिळदार हेलिक्स कापताना कटरला खाली खेचतो, आणि कलेट जुना, तोंडाला पसरलेला, किंवा आत तेल राहिलेलं असेल तर कटर कणाकणाने बाहेर येतो. मार्करने शँकवर (कटरच्या दांड्यावर) कलेट नटला लागून एक गोल रेघ मारा, जॉब चालवा, नंतर बघा, रेघ आणि नट यांच्यात चकचकीत पट्टा दिसला तर उत्तर मिळालं. कलेट, नट आणि शँक तिन्ही थिनरने कोरडे पुसा, कलेट आधी नटमधे टक करून बसवा आणि मग कटर घाला, सरळ कलेट स्पिंडलमधे टाकून वरून नट फिरवू नका. ६ चा कटर ६ च्याच कलेटमधे. रेघ जागेवर असेल तरच डायल हेडवर लावा, कटरवर नाही, आणि वरच्या तीन टेस्ट झेडला करा. हेड जड असतं, मोटर बंद केल्यावर आपोआप खाली बसतं का तेही एकदा बघा, बसत असेल तर गॅस स्प्रिंग किंवा काउंटरवेट काम करत नाहीये आणि झेडची मोटर दिवसभर ते वजन उचलतेय.

लिमिटचा अलार्म. मॅक३च्या डायग्नोस्टिक्स पानावर लिमिटचे दिवे असतात, ते बघत बसा आणि स्पिंडल चालू-बंद करा. टेबल जागेवर उभं असताना दिवा लुकलुकला तर स्विच निर्दोष, व्हीएफडीचा नॉइज आहे. स्पिंडल बंद असताना स्विचवर पेनने टिचकी मारल्यावर लुकलुकला तर स्विचमधे ओल किंवा कूलंट गेलंय, उघडून पुसा, नाहीतर बदला. नॉइज असेल तर पहिली गोष्ट, स्पिंडलची केबल आणि लिमिटच्या वायरी एका पाइपमधून गेल्यात का? ट्रेनर मशीनमधे हमखास गेलेल्या असतात. वेगळ्या करा, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा. स्पिंडलला शिल्ड केबल टाका, तिची शिल्ड व्हीएफडीकडे आणि मोटरच्या बॉडीला दोन्हीकडे अर्थ करा, लिमिटच्या केबलची शिल्ड मात्र फक्त पॅनेलच्या बाजूला. लिमिट नॉर्मली क्लोज ठेवा म्हणजे वायर तुटली तर मशीन थांबेल. ब्रेकआउट बोर्डच्या (पीसीचा पोर्ट आणि मशीनच्या वायरी जोडणारा बोर्ड) इनपुटवर १०४ चा (०.१ मायक्रोफॅरड) कपॅसिटर लावला तर बराच फरक पडतो. मॅक३चा डिबाउन्स (क्षणभराचा सिग्नल सोडून द्यायचं सेटिंग) वाढवता येतो, लोक तेच आधी करतात, पण ते शेवटचं. आणि शक्य असेल तर लिमिटची लाइन ५ व्होल्टवरून २४ व्होल्टवर न्या, ऑप्टो (दोन सर्किट उजेडाने जोडणारा भाग) टाकून, मग तो त्रास जवळजवळ कायमचा जातो. केबल आणि आरसीसीबी लोहार चाळीत, बोर्ड, ऑप्टो आणि कपॅसिटर लॅमिंग्टन रोडला, एका फेरीत होईल.

पीसीचं थोडक्यात. पावसाळाभर बंद होता म्हणजे मदरबोर्डची सीआर२०३२ बॅटरी बघा, पीसीचं घड्याळ जुनी तारीख दाखवत असेल तर ती संपलीय आणि बायोसने सगळं डीफॉल्टला नेलंय, त्यात पॅरलल पोर्टचा मोड आणि ३७८ हा ॲड्रेस पण बदललेला असू शकतो. मॅक३चा ड्रायव्हर टेस्ट चालवा, कर्नल (पल्स पाठवायचा वेग) सेकंदाला २५ हजारावर ठेवा, तुम्हाला जास्त लागतच नाही, १५०० फीडला सुद्धा सेकंदाला ८००० पल्सच होतात. अँटिव्हायरस, वायफाय, स्क्रीनसेव्हर काढा. पोर्टसाठी नवीन पीसीआय कार्ड टाकलं असेल तर पिन हाय असताना व्होल्टेज मोजा, काही कार्ड ३.३ च देतात आणि जुना ब्रेकआउट बोर्ड ५ ची वाट बघत असतो. आणि मॅक३च्या फोल्डरमधली तुमच्या प्रोफाइलची एक्सएमएल फाइल आजच पेनड्राइव्हवर कॉपी करा, सगळी सेटिंग त्यात आहेत, ती हार्ड डिस्क किती वर्षांची आहे देव जाणे.

सगळं आवळून झाल्यावर ०.०२-०.०३ प्ले राहीलच, या वयात राहतो. तेवढ्याला मॅक३चं बॅकलॅश कॉम्पेन्सेशन (प्लेची भरपाई) चालेल, पण त्यावर फार विसंबू नका, ते फक्त जागा भरून काढतं, कटरने टेबल ओढलं तर ते काही धरून ठेवत नाही. म्हणून फायनल कट बारीक ठेवा आणि रफिंगला (पहिल्या जाड कटला) क्लाइंब मिलिंग (कटरच्या फिरण्याच्याच दिशेला टेबल सरकवत कापणं) टाळा, क्लाइंबमधे कटर टेबलला स्वतःकडे ओढतो आणि जेवढा प्ले तेवढा झटका. गोल पॉकेटमधे घड्याळाच्या बारा, तीन, सहा, नऊच्या जागी छोट्या पायऱ्या दिसल्या तर तो हाच उरलेला प्ले, कारण तिथे ॲक्सिस दिशा बदलतो.

रेट्रोफिट (नवीन कंट्रोल बसवणं) करायचंच असेल तर मी लिनक्ससीएनसी (मॅक३सारखं सॉफ्टवेअर) लावेन, फुकट आहे आणि जुन्या पीसीवर नीट चालतं, लेटन्सी टेस्ट (पीसी वेळेवर पल्स देतो का ती) आधी मारून बघायची. पण ते हौस म्हणून करा, या तक्रारींवर उपाय म्हणून नको. तुमच्या यादीतलं बेअरिंग, कपलिंग, केबल आणि एखादा कलेट सोडून मला आत्ता काहीच विकत घ्यायचं दिसत नाही.

आता मला एवढं कळवा: मेगरचा आकडा, एक्सचा प्ले मधे आणि दोन्ही टोकांना, गोळीवरचा डायल किती हलला, आणि हवेत स्पिंडल बंद ठेवून चार पॉकेटचा प्रोग्राम चालवल्यावर शेवटी डायल कितीवर आला. चौथा आकडा ०.१ च्या पटीत असेल तर ड्राइव्हवर करंटच्या डीआयपी स्विचचा फोटो पण टाका, आणि मोटरवरच्या प्लेटचा, किती अँपची आहे ते बघून पुढचं सांगतो.